साडेसहाशे माणसांच्या काकू

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात ग्राहकांची माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर पुन्हा एकदा बदलायचं ठरलं. असली कामं माझ्याकडे येतात, कारण मला याद्या करायची सवय आहे. चार कंपन्यांची माणसं आपापलं सॉफ्टवेअर दाखवायला येणार होती. त्यांना विचारायचे प्रश्न मी सकाळी चहाबरोबर लिहून काढले. किंमत किती, एका वेळी किती जण वापरू शकतील, मोबाइलवर चालेल का, आमची जुनी माहिती त्यात नीट उतरेल का. पाचवा प्रश्न हाताने आपोआप लिहिला: माणूस वारला तर काय करायचं?

शेजारी बसणाऱ्या मुलीने यादी वाचली आणि माझ्याकडे चमकून पाहिलं. तिला म्हटलं, हा प्रश्न माझा नाही, निमकर काकूंचा आहे. मग निमकर काकू कोण ते सांगणं आलं. जेवणाच्या सुट्टीत ते काही पुरं झालं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नोएडात नवे नवे सेक्टर वसत होते. घरं आधी यायची, रस्ते मागाहून, आणि वीज आली तरी टिकायची नाही. हे ओळखून खुराना साहेबांनी इन्व्हर्टरचा धंदा काढला. इन्व्हर्टर विकण्यापेक्षा तो सांभाळण्यात जास्त काम होतं. वर्षभराचा देखभालीचा करार करायचा, दर तीन महिन्यांनी जाऊन बॅटरीत पाणी भरायचं, आणि मध्ये काही बिघडलं तर धावायचं. पहिल्या मजल्यावर तीन खोल्या, पाच मेकॅनिक, एक व्हॅन, ऑफिस सांभाळायला मी आणि फोनवर निमकर काकू.

काकूंना मीच तिथे आणलं होतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या राहायच्या. काका केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. मुलीचं लग्न झालं आणि काकूंना दुपार खायला उठायला लागली. "एक महिना बघते, नाही जमलं तर घरी बसते," म्हणून आल्या आणि सहा वर्षं राहिल्या.

त्यांची फोन घ्यायची पद्धत वेगळी होती. गुड मॉर्निंग नाही, कंपनीचं नाव नाही. रिसीव्हर उचलला की थेट, "हां जी, लाइट गई?" पलीकडचा माणूस भांडायच्या तयारीत असला तरी त्याला आधी "हां जी" म्हणावंच लागायचं. एकदा हो म्हणाला की माणूस अर्धा नरमतो, असं काकूंचं मत होतं. मेकॅनिकांना त्या सारखं एकच सांगायच्या, "पहले आदमी ठीक करो, फिर मशीन." मेकॅनिक हसायचे, पण घरात शिरल्यावर आधी पाणी मागून घ्यायचे आणि दोन मिनिटं बसायचे.

हिवाळ्यात त्या मोजे घालून वर चपला घालायच्या आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन फोनवर बसायच्या. जेवण साडेबाराला, सगळ्यांच्या आधी, कारण घरोघरच्या बायका नवऱ्याला आणि मुलांना वाढून झाल्यावर दीडच्या सुमाराला फोन करायच्या. तेव्हा आपल्या तोंडात घास नको. संध्याकाळी नोकरदारांच्या चार्टर्ड बसमध्ये कंडक्टरशेजारची जागा त्यांची. त्या बसमध्ये बसून त्यांनी आम्हाला निदान दहा ग्राहक मिळवून दिले, तेही काही विकायचा प्रयत्न न करता. शेजारणीला फक्त विचारायच्या, "आपके यहाँ कितनी देर जाती है?"

आणखी एक. त्यांच्यासमोर काही शब्द चालत नसत. बॅटरी 'डेड' झाली असं कोणी म्हटलं की त्या फोनवर हात ठेवून दटावायच्या, "थक गई बोलो. किसी के घर जाकर मर गई बोलते हैं क्या?" हळूहळू आमचे मेकॅनिक ग्राहकांच्या दारात उभे राहून गंभीर चेहऱ्याने सांगायला लागले, "माताजी, बैटरी थक गई है." नव्या बॅटऱ्या जास्त विकल्या जायला लागल्या. खुराना साहेबांना त्याचं कारण कधी कळलं नाही.

काकूंची खरी दौलत म्हणजे त्यांची रजिस्टरं. लांबट, लाल कापडी पाठीची पाच रजिस्टरं, त्यांत साडेसहाशे घरं. नाव, सेक्टर, बॅटरी कधी बसवली हे सगळं असायचंच. पण शेवटचा रकाना त्यांनी स्वतः पट्टीने आखला होता आणि तो मराठीत होता. 'दोनदा घंटी नको, बाळ झोपतं.' 'सुनेशी बोलावं, सासूबाईंशी नको.' 'कुत्रा चावत नाही, पण चावतो असं सांगतात. घाबरल्यासारखं करावं.' एका नावापुढे नुसतंच 'भिडस्त' होतं. मी दिल्लीतच जन्मले, दिल्लीतच शिकले. मला हा शब्द माहीत नव्हता.

"काकू, भिडस्त म्हणजे?"

"अगं, आपल्या पायावर दुसऱ्याचा पाय पडला तर जो स्वतःच सॉरी म्हणतो, तो भिडस्त. हे माथुर चार दिवस अंधारात बसतील, पण फोन करणार नाहीत. त्यांना आपणच करायचा."

आणि त्या करायच्या. त्या सेक्टरची वीज गेली की माथुरांना फोन.

आहुजा नावाचे एक ग्राहक अगदी उलट. ऐन क्रिकेटच्या सामन्यात त्यांची वीज गेली, इन्व्हर्टर चालेना, आणि त्यांनी फोनवर आकाशपाताळ एक केलं. मेकॅनिक पोचायला पाऊण तास लागणार होता. काकूंनी मेकॅनिकांचा ट्रान्झिस्टर मागवला, फोनजवळ ठेवला आणि रिसीव्हर त्याला लावून धरला. पाऊण तास. मध्ये एकदा हात दुखला म्हणून बदलला. रजिस्टरात नोंद झाली, 'सामना असेल तर आधी इथे.' पुढे आहुजांचा फोन आला की ते बिघाड सांगायच्या आधी विचारायचे, "आंटीजी, स्कोर?"

मग खुराना साहेब कुठल्याशा व्यापारी मेळाव्यात जाऊन आले आणि कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. नुसता कॉम्प्युटर नाही, त्यात ग्राहक सांभाळणारं सॉफ्टवेअर. सीआरएम हा शब्द त्यांनी त्या दिवशी बारा वेळा तरी उच्चारला. "कंप्यूटर सब याद रखेगा," ते म्हणाले, "फिर फोन पर कोई भी लड़की बैठ सकती है."

काकू तिथेच होत्या. संध्याकाळी बसस्टॉपवर मला म्हणाल्या, "काका मार्चला रिटायर होतायत. क्वार्टर सोडावं लागेल. माझी नोकरी असली तर इथेच नोएडात दोन खोल्या भाड्याने घेऊ म्हणतायत. नसली तर सांगलीला, दिरांच्या घरी."

"सांगली काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही गं. पण तिथे मला कोण ओळखतं? इथे साडेसहाशे माणसं माझ्या आवाजावरून ओळखतात."

सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी यादी केली: किंमत, शिकायला किती दिवस, मध्येच वीज गेली तर माहिती राहते का, कामाची चिठ्ठी छापून मिळेल का. संकोचतच ती काकूंना दाखवली. मला वाटलं, त्या बाजूला सारतील. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि खाली तीन प्रश्न वाढवले. शेजाऱ्यांचा फोन नंबर लिहायला वेगळी जागा आहे का? शेवटच्या रकान्यात किती ओळी मावतात? आणि, माणूस वारला तर काय करायचं?

तीन कंपन्यांनी येऊन आपलं सॉफ्टवेअर दाखवलं. पहिला नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून आला होता, टाय लावून, स्वतःचा लॅपटॉप घेऊन. पडद्यावर रंगीत आलेख उमटत होते. काकूंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि आपला प्रश्न विचारला.

"सिंपल है मॅडम. डिलीट."

"डिलीट कैसे, बेटा? उनकी पत्नी तो वहीं रहती हैं. इन्व्हर्टर भी चल रहा है."

"तो नाम बदल दीजिए."

"किस दिन बदलूँ?"

त्याला प्रश्न कळला नाही. मलाही नीट कळला नव्हता. तो माझ्याकडे पाहून हसला आणि त्याने पुढचा आलेख दाखवला.

दुसऱ्याने सांगितलं की त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटच्या रकान्यात वीस अक्षरं मावतात. काकू म्हणाल्या, "बीस में तो कुत्ता भी नहीं आएगा."

तिसरे दोघे भाऊ, नोएडातच एका तळघरात बसून प्रोग्रॅम लिहायचे. त्यांच्या पडद्यावर रंग नव्हते, पण धाकट्याने काकूंचा प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि म्हणाला, "आंटी, सोचना पड़ेगा." काकू मला म्हणाल्या, "हा घे. बाकीचे उत्तरं घेऊन आले होते. याने प्रश्न नेला." माझ्या यादीतही तेच पुढे होते, किमतीमुळे. आम्ही त्यांना घेतलं. आपलीच नोकरी खाणारी वस्तू काकूंनी भाजी निवडावी तशी नीट पारखून घेतली, हे मला तेव्हा दिसत होतं.

रजिस्टरांतली माहिती कॉम्प्युटरात मी भरली. मराठी वाचता येणारं दुसरं होतंच कोण. काकू दिवसभर फोनवर असायच्या, आणि मला वाटलं, प्रत्येक ओळीला त्यांना कशाला उठवायचं. मी शब्दांची एक यादी केली: काकूंचा शब्द डावीकडे, कॉम्प्युटरचा उजवीकडे. काही नोंदींच्या शेवटी 'पुढे चालू' होतं, काहींच्या शेवटी 'करार वाढवला'. दोन्हींपुढे मी लिहिलं, एक्स्टेंडेड. दोन आठवड्यांत काम संपवलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

एक तारखेला कॉम्प्युटरने आपणहून पत्रं छापली. ज्यांचे करार पुढे चालू झाले त्यांना अभिनंदन आणि आभार. पाकिटं गेली.

चौथ्या दिवशी काकूंनी फोन उचलला, "हां जी, लाइट गई?" म्हणाल्या, आणि मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मैं आती हूँ, बहनजी." रिसीव्हर ठेवून त्यांनी मला बोलावलं.

"मिसेस भटनागर होत्या. साहेबांच्या नावाने पत्र आलंय. विचारत होत्या, किस बात की बधाई है."

भटनागर साहेब आदल्या दिवाळीत वारले होते. मी रजिस्टर काढलं. पानाच्या शेवटी काकूंच्या अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं.

"काकू, तुम्हीच लिहिलंय. करार वाढवला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अगं वर्षा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बांगडी वाढवली म्हणजे काय, लांब केली?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. ज्या बाईला बॅटरीसुद्धा मेलेली चालत नाही, ती माणसाच्या नावापुढे 'बंद' किंवा 'संपला' कसं लिहील? आमच्या घरी बांगडी फुटायचीच. मी दिल्लीची, मला वाढवणं म्हणजे फक्त मोठं करणं ठाऊक. अशी एकतीस पत्रं गेली होती. बहुतेक घर बदलून गेलेले किंवा दुसऱ्या कंपनीकडे वळलेले. पण सात घरांत माणूस गेलेलं होतं.

खुराना साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा आवाज बाहेर मेकॅनिकांपर्यंत जात होता. "किसने किया ये?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि टेबलाखाली काकूंची चप्पल माझ्या पायावर आली.

"लिखाई मेरी है," काकू म्हणाल्या.

"देखा? इसीलिए मशीन चाहिए. आदमी की लिखाई का क्या भरोसा."

बाहेर आल्यावर मी भांडले. म्हटलं, चूक माझी आहे, मी आत्ता जाऊन सांगते. काकू म्हणाल्या, "तुला अजून वीस वर्षं नोकरी करायची आहे. मला मार्चपर्यंत." महिन्याभराने मी साहेबांना सगळं सांगितलं. तोपर्यंत मी कुठल्या पत्रांबद्दल बोलते आहे हेच त्यांना आठवेना.

सात घरांना काकू स्वतः गेल्या, माझ्या स्कूटरवर मागे बसून. बरोबर मिठाई नाही, कंपनीचं माफीपत्र नाही. मांडीवर बॅटरीत घालायच्या पाण्याचा पाच लिटरचा डबा. मी विचारलं, हा कशाला? म्हणाल्या, "नुसतं तोंड घेऊन कसं जायचं. काहीतरी काम करून यावं."

भटनागरांचं घर तळमजल्यावर होतं. दार मिसेस भटनागरनीच उघडलं. फिकट रंगाचं कार्डिगन, हातात चष्मा. काकू उंबऱ्यातच म्हणाल्या, "चिट्ठी वापस लेने आई हूँ. गलती हुई."

मिसेस भटनागरनी आम्हाला बसवलं, चहा केला. पत्र समोरच टीव्हीवर उभं करून ठेवलं होतं, पाकिटासकट. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं तशा त्या म्हणाल्या, "रहने दीजिए. बहुत दिन बाद इनके नाम की डाक आई थी. सिर्फ़ बिजली का बिल आता है."

काकू उठल्या, जिन्याखाली ठेवलेल्या बॅटरीचं झाकण काढलं, पदर खोचला आणि एकेका भोकात सांभाळून पाणी भरलं. मेकॅनिकाचं काम त्या नुसतं बघून बघून शिकल्या होत्या. निघताना मिसेस भटनागरनी विचारलं, पैसे किती? काकू म्हणाल्या, "साहब के कॉन्ट्रॅक्ट में है."

बाहेर स्कूटरला किक मारताना मी म्हटलं, "कॉम्प्युटरात आता नाव बदलते."

"नको. नाव साहेबांचंच राहू दे. बोलायचं कोणाशी, ते वेगळं लिही."

"आणि बदलायचं कधी?"

"त्या सांगतील तेव्हा. आपण कोण दिवस ठरवणार."

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. त्याने दोन नवे चौकोन करून दिले. एकात करार ज्याच्या नावाचा तो. दुसऱ्यात 'किससे बात करें'. शेवटचा रकाना हवा तेवढा लांब केला. नंतर मी कितीतरी महागडी सॉफ्टवेअरं पाहिली. त्या दोन चौकोनांसाठी त्यांत भारी भारी नावं असतात.

आणि मग काकूंनी शेवटचे रकाने भरून घ्यायचं काम सुरू केलं. फोनवर बसायला सुनीता नावाची मुलगी आली होती, गाझियाबादची, टायपिंगमध्ये पक्की. काकू तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि पहिल्या रजिस्टरच्या पहिल्या पानापासून एकेक घर तिला हिंदीत सांगायला लागल्या. सुनीता इंग्रजीत टाइप करायची. माथुरांचं पान आलं तेव्हा दोघी अडल्या. 'शर्मीले' काकूंना पटेना, 'संकोची' पटेना. शेवटी सुनीताने टाइप केलं, 'शाय, कॉल फर्स्ट.' काकूंनी ते माझ्याकडून समजून घेतलं.

"कॉल फर्स्ट बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "शाय खोड."

दिवसाला चाळीस घरं व्हायची. पानं उजवीकडून डावीकडे जात होती आणि मार्च जवळ येत होता. एकदा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "काकू, जरा हळू सांगा ना. सगळं सांगून टाकलंत तर साहेब म्हणतील..."

"म्हणू देत. मुद्दाम रेंगाळायला मी काय सरकारी नोकरीत आहे?" आणि मग आवाज उतरवून, "हे ऐकलं तर काका जेवायचे नाहीत हो."

खुराना साहेब माणूस वाईट नव्हते. पाचवं रजिस्टर पूर्ण झालं तेव्हा ते म्हणाले, "मॅडमजी, महीने में दो-चार दिन आ जाया करो." काकूंनी हात जोडले. दोन-चार दिवसांवर नोएडात भाड्याने घर घेता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. सांगलीची तिकिटं निघाली.

शेवटच्या दिवशी मेकॅनिकांनी समोसे आणले. काकूंनी साडेबाराला आपला डबा खाल्ला, चारला पर्स आणि छत्री घेतली. साहेबांनी त्यांना घरी सोडायला कंपनीची व्हॅन दिली होती, चालवायला सगळ्यांत जुना मेकॅनिक रमेश. दारात चपला घालत असताना फोन वाजला. काकूंचा हात किंचित पुढे आला आणि थांबला. सुनीताने रिसीव्हर उचलला.

"हां जी, लाइट गई?" तिने कॉम्प्युटरात सेक्टर एकोणतीसचं पान काढलं. वाचत म्हणाली, "माताजी, आप सीढ़ी मत चढ़िए. लड़का खुद ऊपर देख लेगा. हां जी, घंटी एक ही बार बजाएगा."

काकू पाठमोऱ्या उभ्या राहून ऐकत होत्या. सुनीताने फोन ठेवला तशी त्यांनी मान हलवली, माझ्या गालाला हात लावला, "येते गं" म्हणाल्या आणि कठडा धरून जिना उतरल्या.

मी गॅलरीत आले. व्हॅन फाटकापाशी थांबली होती. दिल्ली उजवीकडे, रमेशचा उजवा दिवा लुकलुकत होता. सेक्टर एकोणतीस डावीकडे. पुढच्या खिडकीतून काकूंचा हात कोपरापर्यंत बाहेर आला. हातात छत्री होती आणि ती डावीकडे रोखलेली होती. आत काहीतरी बोलाचाली झाली असावी. उजवा दिवा विझला, डावा लागला, आणि व्हॅन वळली.